गॅरंटी दहा लाखांची, पण पैसे कुणाचे?

*नमस्कार,*

*माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. नोकरी चांगली आहे. गेले चौदा महिने तो ऑनलाइन पोकरच्या मोठमोठ्या टूर्नामेंट खेळतो, बहुतेक करून रविवारी रात्री. मध्यंतरी त्याला एकदा २,१४० डॉलरचं बक्षीस लागलं. तेव्हापासून नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं त्याच्या डोक्यात बसलं आहे. मी काही बोलायला गेले की म्हणतो, "ताई, साइट दहा लाख डॉलरची गॅरंटी देते. माणसं कमी आली तर उरलेले पैसे ती स्वतःच्या खिशातून घालते. म्हणजे साइट तोट्यात आणि आपण फायद्यात. तुला यातलं गणित कळत नाही."*

*मला खरंच कळत नाही. साइट एवढे पैसे वाटते तर ती जगते कशावर? की पत्ते वाटण्यातच काही गडबड असते? त्यानं मला त्याच्या खात्याचा हिशेब दाखवला, तो सोबत पाठवते आहे. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण काय बोलावं ते सुचत नाही.*

*– एक मोठी बहीण*

ताई, नमस्कार.

तुमचा भाऊ सांगतो ते खोटं नाही, हे आधीच सांगतो. माणसं कमी पडली तर साइट खरोखर पदरमोड करते. म्हणूनच त्याला नुसतं "नको रे बाबा" म्हणून भागणार नाही. त्याला हिशेबाची भाषा कळते, तर त्याच भाषेत बोलावं लागेल. मी स्वतः चार वर्षं या टूर्नामेंट खेळलो आहे, आणि प्रत्येक एंट्री वहीत टिपून ठेवली आहे. त्यामुळे जे सांगतो ते लांबून पाहून सांगत नाही.

टूर्नामेंटच्या नावापुढे किंमत कशी लिहिलेली असते ते त्याला दाखवायला सांगा. "२०० + १५" असं काहीतरी असतं. खेळाडू २१५ डॉलर भरतो. त्यातले २०० बक्षिसाच्या गंगाजळीत जातात, तिला प्राइज पूल म्हणतात. १५ साइटकडे जातात. पहिला कोण येतो, शेवटचा कोण, तुमच्या भावाला एक्का आला की दुर्री, याच्याशी त्या १५ डॉलरचा काडीचाही संबंध नाही. पहिला पत्ता वाटण्याआधीच ते साइटचे झालेले असतात. पत्त्यांच्या अड्ड्याचा मालक बसल्या जागी नाल काढतो, तोच हा प्रकार. फक्त इथे एका वेळी पाच हजार माणसं बसलेली असतात.

टूर्नामेंटमधलं साइटचं सगळं उत्पन्न या छोट्या आकड्यात आहे. बक्षिसाचे पैसे साइटचे नसतात. ते हरलेल्यांकडून जिंकलेल्यांकडे जातात, साइटच्या हातून नुसते फिरतात. म्हणून "साइट इतके पैसे वाटते" हे तुमच्या पत्रातलं वाक्य आधी मनातून काढून टाका. साइट आपले पैसे वाटत नाही, तुमच्या भावासारख्यांनी भरलेले वाटते.

आता गॅरंटीकडे वळू. त्याचा सगळा भरवसा तिच्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

दहा लाखांची गॅरंटी आहे आणि प्रत्येक एंट्रीतले २०० डॉलर पूलमध्ये जातात. पूल भरायला ५,००० एंट्री लागतात. समजा ४,७०० च आल्या. पूलमध्ये ९ लाख ४० हजार जमले, ६० हजार कमी पडले. ते साइटला घालावे लागतात, आणि पोकरवाले याला ओव्हरले म्हणतात. तुमचा भाऊ इथे टाळ्या वाजवतो. पण त्याच ४,७०० जणांनी साइटला प्रत्येकी १५ डॉलर दिलेले आहेत, त्यांचे होतात ७०,५००. त्यातून ६० हजार गेले तरी साइटच्या हातात १०,५०० उरले. ओव्हरले झाला, खेळाडू खूश झाले, आणि साइटच्या गल्ल्यातही भर पडली. २१५ नं दहा लाखांना भागून पाहा, सुमारे ४,६५१ येतात. त्याच्या खाली एंट्री गेल्या तरच साइटचा त्या टूर्नामेंटपुरता तोटा सुरू होतो. जाहिरातीत जी ५,००० ची रेघ दिसते, तिच्या बऱ्याच खाली साइटची खरी रेघ असते.

आणि समजा ४,३०० च आल्या. मग मात्र साइटला १ लाख ४० हजार घालावे लागतात, फी जमते ६४,५००, आणि ७५,५०० ची खोट बसते. त्या रात्री माणशी २१५ भरून माणशी साधारण २३२ डॉलर बक्षिसात आहेत. अशा रात्री खेळणाऱ्याचं पारडं खरोखर जड असतं. तुमचा भाऊ ज्याबद्दल बोलतो ती रात्र हीच.

पण अशा रात्री किती येतात? गॅरंटीचा आकडा कुणी अंदाजपंचे ठरवत नाही. मागच्या कित्येक रविवारची गर्दी साइटच्या नोंदीत असते. सुट्टी कधी, मोठा सामना कधी, महिन्याचा पगार कधी होतो, सगळं पाहून आकडा लावतात. तरीही चुकलाच तर तो खर्च जाहिरातीत धरतात. "दहा लाख गॅरंटीड" या दोन-तीन शब्दांनी जितकी माणसं आत येतात, तितकी आणायला दुसरीकडे कितीतरी जास्त पैसे मोजावे लागले असते. शिवाय ओव्हरलेचा वास लागला की तो टिपणारे खेळाडू शेवटच्या तासात धावत येतात आणि खड्डा भरून टाकतात. त्या रात्री मिळणारा फायदा वाटेकरी वाढून पातळ होतो.

गर्दी गॅरंटीच्या पुढे गेली की काय होतं तेही पाहा. पाच हजारांनंतरची प्रत्येक एंट्री साइटला १५ डॉलर देते, आणि तिच्यासाठी साइटला जवळजवळ काहीच जास्तीचं करावं लागत नाही. टेबल संगणकावरचं असतं. खुर्ची नको, पत्ते वाटणारा नको, दिवा नको. तोटा झाला तर तो गॅरंटीपुरता मर्यादित, फायद्याला मात्र वरून झाकण नाही.

एक खरं उदाहरण सांगतो. पोकरस्टार्स या साइटची 'संडे मिलियन' ही २००६ पासून चालत आलेली टूर्नामेंट. मार्च २०२० मध्ये तिचा चौदावा वाढदिवस होता. त्या दिवसाचं तिकीट २१५ चं आणि गॅरंटी सव्वा कोटी डॉलरची होती. जग घरात कोंडलेलं होतं. ९३,०१६ एंट्री आल्या. २०० प्रमाणे पूल झाला १ कोटी ८६ लाख ३ हजार २०० डॉलर. बातम्यांत हा आकडा झळकला. १५ प्रमाणे साइटची फी झाली १३ लाख ९५ हजार २४०. हा आकडा मथळ्यात कुणी घेतला नाही, मला तो गुणाकार करून काढावा लागला. त्याच वर्षी जीजीपोकर या साइटवर वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या नावाजलेल्या स्पर्धामालिकेची ऑनलाइन मुख्य स्पर्धा झाली, तिकीट ५,००० डॉलरचं. ५,८०२ एंट्री, २ कोटी ७५ लाख ५९ हजार ५०० डॉलरचा पूल. भागून पाहिलंत तर प्रत्येकाचे ४,७५० पूलमध्ये गेलेले दिसतात. उरलेले २५० फीचे, म्हणजे साडेचौदा लाख डॉलर. पहिल्या आलेल्या खेळाडूला ३९ लाखांच्या वर मिळाले. तो जिंकला त्याऐवजी दुसरं कुणी जिंकलं असतं तरी साइटचे साडेचौदा लाख तेवढेच राहिले असते.

हा सगळा नफा नव्हे, हेही सांगायला हवं. यातून परवान्याचे पैसे, कर, पैसे भरण्या-काढण्याचा खर्च, खेळाडू आणून देणाऱ्या दलालांचा वाटा, बोनस, फसवणूक पकडणारी माणसं, सर्व्हर हे सगळं जातं. तरीही धंदा केवढा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो: २०१४ मध्ये अमाया या कंपनीनं पोकरस्टार्सची मूळ कंपनी ४९० कोटी डॉलरना विकत घेतली. असे थोडे थोडे डॉलर घेणाऱ्या धंद्याची ही किंमत.

आता पत्त्यांतल्या गडबडीचं. तुमच्यासारखाच प्रश्न मला पूर्वीही लोकांनी विचारला आहे. साइटनं पत्ते फिरवून करायचं काय? कुणीही जिंकलं तरी तिची फी तीच. उलट गडबड उघडकीला आली तर गर्दी जाईल, आणि गर्दी हीच तिची कमाई. फसवणूक झालेलीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २००७ मध्ये अॅब्सोल्यूट पोकर या साइटवर आतल्या माणसाच्या हाती इतरांचे झाकलेले पत्ते पाहण्याची सोय होती, आणि एका टूर्नामेंटची नोंद तपासताना खेळाडूंनीच ते उघड केलं. पण भाऊ हरतो त्याचं कारण म्हणून तुम्ही "पत्तेच खोटे" असं सांगायला जाऊ नका. तो लगेच तुम्हाला खोडून काढेल, आणि तुमचं पुढचं सगळं बोलणं फुकट जाईल.

मोठ्या टूर्नामेंटवर साइट इतका जीव का टाकते, याचं आणखी एक कारण आहे. ते खेळाडूंच्याही फारसं लक्षात येत नाही. रोख पैशांच्या टेबलावर नवखा माणूस बसला की मुरलेले चार जण त्याला तासाभरात रिकामा करतात. तो पुन्हा फिरकत नाही. टूर्नामेंटमध्ये त्याचा तोटा तिकिटापुरता. त्याला कुठल्या टेबलावर बसवायचं ते संगणक ठरवतो, मुरलेल्यांना निवड करता येत नाही. पुष्कळदा तो तीन-चार तास टिकतो, शेवटी शेवटी त्याला छोटं बक्षीसही लागतं. साधारणपणे दर सहा-सात एंट्रीमागे एकाला काही ना काही मिळतं. सगळ्यात खालचं बक्षीस तिकिटाच्या दीड-पावणेदोन पट असतं, पण पडद्यावर "अभिनंदन" येतं आणि माणूस पुढच्या रविवारी परत येतो. साइटला हवा असतो तो हा परत येणारा माणूस.

आणि परत येताना तो तेच पैसे घेऊन येतो. समजा काही लोक ११ डॉलरच्या टूर्नामेंट खेळताहेत, १० पूलमध्ये आणि १ फी. कुणी नवीन पैसे भरले नाहीत, कुणी काढले नाहीत, जिंकलेले पैसे पुन्हा तिकिटांत घातले. प्रत्येक फेरीत अकरावा हिस्सा साइटकडे. सात फेऱ्या झाल्या की मूळ पैशातला जवळजवळ निम्मा साइटकडे गेलेला असतो, आणि टेबलावर तीच माणसं एकमेकांना "आज तुझं नशीब" म्हणत बसलेली असतात. बक्षिसं फिरत राहतात, फी मात्र एकाच दिशेनं जाते.

तुमच्या भावाच्या कागदावर दोन ठिकाणी मी पेन्सिलनं खूण केली आहे. पहिली खूण री-एंट्रीवर. तो ६४० टूर्नामेंट खेळलो म्हणतो. त्या ६४० एंट्री आहेत. टूर्नामेंट ४३० च आहेत. उरलेल्या २१० वेळा तो बाद झाला आणि पुन्हा पैसे भरून आत शिरला. मला ती चौकट अजून डोळ्यांपुढे दिसते. शेवटची चिप गेलेली असते, पत्ते अजून टेबलावर पडलेले असतात, आणि त्यांच्यावरच ती उमटते: "पुन्हा प्रवेश घ्यायचा?" खाली "हो"चं बटण मोठं आणि हिरवं. शेजारी सेकंद उलटे मोजले जात असतात, पंधरा, चौदा, तेरा. हात आपोआप जातो. त्या क्षणी माणूस विचार करत नसतो, त्याला झालेली चूक पुसायची असते. आणि त्या प्रत्येक क्लिकवर पूर्ण फी पुन्हा लागते. लेट रजिस्ट्रेशन, म्हणजे खेळ सुरू झाल्यावरही आत शिरायची मुभा, तासन्‌तास उघडं ठेवतात ते याचसाठी. माझ्या वहीत एका रविवारी एकाच टूर्नामेंटपुढे माझी पाच तिकिटं लिहिलेली आहेत. पाचवं पहाटे पावणेदोनला. त्या रात्री घरात सगळे झोपलेले होते आणि मी कुणाला काही बोललो नाही.

दुसरी खूण सॅटेलाइटवर. मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट बक्षीस म्हणून देणारी छोटी टूर्नामेंट म्हणजे सॅटेलाइट. "११ डॉलरमध्ये २१५ चं तिकीट" म्हटलं की फुकटच मिळाल्यासारखं वाटतं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ जण उतरले. या एका गोष्टीवर साइटनी किती तिकिटं विकली असतील याला गणती नाही.

पण सॅटेलाइटच्या प्रत्येक पायरीवर फी असते. २१५ ची दहा तिकिटं घ्या. ती द्यायला ५५ डॉलरच्या (५० + ५) सॅटेलाइटमध्ये ४३ माणसं लागतात. त्या ४३ तिकिटांसाठी खालच्या ११ डॉलरच्या (१० + १) सॅटेलाइटमध्ये साधारण २३७ माणसं लागतात. सगळ्यांनी तळापासून सुरुवात केली तर त्यांच्या खिशातून जवळजवळ २,६०० डॉलर गेले. मुख्य टूर्नामेंटच्या पूलमध्ये पोहोचले किती? २,०००. मधले ६०० तीन पायऱ्यांवर साइटनं उचलले. शंभरातले तेवीस. थेट तिकीट काढणाऱ्याचे शंभरातले सातच जातात. स्वस्तात चढायची वाट इतकी महाग पडते.

तिकीट लहान केलं की फीचा हिस्सा फुगतो, हे मोठ्या टूर्नामेंटलाही लागू आहे. २०१९ च्या सुरुवातीला संडे मिलियनचं नेहमीचं तिकीट २१५ वरून १०९ वर आणलं. खेळाडूंना ते परवडायला लागलं, गर्दी वाढली, त्यात चांगलंही पुष्कळ होतं. पण २०० वर १५ होते, त्याऐवजी १०० वर ९ झाले.

आता तुमच्या भावाचा हिशेब. मी तो पुन्हा मांडला, कारण त्याच्या कागदावर एक रकाना नव्हता.

त्यानं २२ डॉलरच्या ५०० एंट्री घेतल्या, ५५ च्या १२०, आणि २१५ च्या २०. एकूण भरले २१,९०० डॉलर. सॅटेलाइटमध्ये जिंकलेली तिकिटं बक्षिसात धरून त्याला परत मिळाले २०,३५०. म्हणजे चौदा महिन्यांत १,५५० गेले. एवढं त्याच्या कागदावर आहे, आणि तो त्याला "जरा वाईट काळ" म्हणतो. जो रकाना नाही तो फीचा. २२ मध्ये २, ५५ मध्ये ५, २१५ मध्ये १५ धरले तर फी झाली १,९००. या १,९०० मधला एकही डॉलर कुठल्याही खेळाडूला मिळालेला नाही.

आता हे उलटं वाचा. प्राइज पूलमध्ये त्याचे २०,००० गेले आणि तिथून २०,३५० परत आले. म्हणजे समोर बसलेल्या खेळाडूंना त्यानं थोडं का होईना हरवलं आहे. तुमचा भाऊ वाईट खेळत नाही, ताई. हे त्याला नक्की सांगा, आणि आधी हेच सांगा. तो सरासरी माणसापेक्षा शंभराला पावणेदोन डॉलर बरा खेळतो. पण आत शिरायला त्याला शंभराला साडेनऊ मोजावे लागतात. टेबलावर जिंकूनही त्याचा व्यवहार आतबट्ट्याचा होतो तो यामुळे. माझंही चार वर्षांत हेच झालं होतं. ते मला वही बंद केल्यावर कळलं, म्हणून तुमचं पत्र बाजूला ठेववेना.

त्यातही ते २,१४० चं बक्षीस आहे. ती एक रात्र काढून टाका. तोटा ३,६९० होतो. चौदा महिन्यांच्या हिशेबाचं चित्र एका रात्रीनं इतकं बदलत असेल, तर तो हिशेब अजून काहीच सिद्ध करत नाही, ना त्याचं कौशल्य, ना त्याचा अभाव. मोठ्या गर्दीच्या टूर्नामेंटमध्ये नशिबाचे चढउतार फार मोठे असतात. खरे पैसे पहिल्या आठ-नऊ जागांवर असतात. ५,००० एंट्रीच्या टूर्नामेंटमध्ये दर रविवारी एक तिकीट काढणारा सरासरी खेळाडू साधारण ९६ वर्षांत एकदा पहिला येतो. तुमचा भाऊ त्याच्या दुप्पट चांगला आहे असं धरू. ४८ वर्षं. पूर्णवेळ खेळणारे म्हणूनच दिवसाला वीस-तीस टूर्नामेंट एकाच वेळी उघडतात, म्हणजे साइटला दिवसाला वीस-तीस फी भरतात. असे लोक आहेत, त्यातले काही खरोखर पोट भरतात. पण त्यांच्याकडे वर्षभराच्या खर्चाची पुंजी वेगळी असते आणि शेकडो तिकिटांची वेगळी, आणि आपली नोंद ते दर आठवड्याला निर्दयपणे तपासतात. त्यांचा हिशेब हजारो एंट्रींचा असतो. ६४० वर ते चहासुद्धा सोडणार नाहीत, नोकरी तर लांबच.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे, ती फीपेक्षा जास्त तातडीची आहे. त्याच्या कागदाच्या शेवटी खात्यात शिल्लक १,२०० डॉलर दिसते. ते पैसे त्याचे आहेत, पण त्याच्या हातात नाहीत. फुल टिल्ट पोकर ही एके काळी जगातली दुसऱ्या क्रमांकाची साइट होती. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं तिच्यावर आणि आणखी दोन मोठ्या साइटवर कारवाई केली. नंतर सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं की मार्चअखेर कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँकेत होते सुमारे ६ कोटी. खेळाडूंना लॉबीत, म्हणजे साइटच्या मुख्य पडद्यावर, आपली शिल्लक शेवटपर्यंत पूर्ण दिसत होती. पुढे पोकरस्टार्सनं सरकारशी समझोता करून ती कंपनी घेतली तेव्हा कुठे लोकांचे पैसे परत मिळायची वाट मोकळी झाली, पण त्यात वर्षांमागून वर्षं गेली. म्हणून भाऊ पुढे खेळो न खेळो, चालू आठवड्याच्या तिकिटांपुरते पैसे ठेवून बाकीचे आजच काढून घ्यायला सांगा. काढायला विनाकारण उशीर झाला तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जाईल. आणि तुम्ही राहता तिथे पैसे लावून असा खेळ खेळायला कायद्यानं परवानगी आहे का, हे त्यानं पाहिलं आहे का ते विचारा. नसेल तर बाकी हिशेब करायचं कारणच उरत नाही.

आता बोलायचं कसं ते. रविवारी नको. रविवारी संध्याकाळी त्याच्या डोक्यात लॉबीचे आकडे असतात. मधल्या वारी बसा, त्याचाच कागद पुढे ठेवा आणि एकच विनंती करा: फीचा रकाना त्यानं स्वतःच्या हातानं भरावा. तुम्ही भरून देऊ नका. माझे आकडे आधी दाखवूही नका. ६४० ओळींपुढे २, २, २, ५, २, १५ लिहायला दीड-दोन तास लागतील. लागू देत. खालची बेरीज त्याची त्याला करू द्या. री-एंट्रीच्या ओळींपुढे फुली मारायला सांगा, आणि सॅटेलाइटच्या ओळींपुढे दुसरी काही खूण.

मग नोकरीबद्दल बोला. "सोडू नको" असं न म्हणता अट घाला. पुढच्या हजार एंट्री त्यानं नोकरी सांभाळून खेळाव्यात, री-एंट्री एकही नाही, सॅटेलाइट नाही, महिन्याला किती भरायचे तो आकडा आधी ठरलेला. परवाना असलेल्या साइटवर पैसे भरण्याची मर्यादा खात्यातच लावून ठेवता येते, ती तुमच्यासमोर लावू दे. हजार एंट्रींनंतर फी वजा जाऊन काय उरतं ते दोघांनी मिळून पाहा. तोपर्यंत हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही, एवढा शब्द घ्या. तो जर स्वतःला हिशेबी खेळाडू समजत असेल तर ही अट त्याला अपमानाची वाटणार नाही.

आणि अट ऐकूनच तो चिडला, किंवा री-एंट्री बंद करायला तयार होऊनही करू शकला नाही, किंवा या कागदावर नसलेलं एखादं कर्ज, एखादं दुसरं खातं पुढे आलं, तर मग हा प्रश्न गणिताचा राहिलेला नाही. तेव्हा माझं पत्र बाजूला ठेवा. खातं काही महिन्यांसाठी किंवा कायमचं बंद करून घ्यायची सोय साइटवर असते, ती वापरायला लावा, आणि व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. त्याला एकट्याला पाठवू नका.

फीच्या रकान्याची बेरीज किती आली ते मला जरूर कळवा. माझी १,९०० आली आहे. सॅटेलाइटची फी काही ठिकाणी थोडी वेगळी असते, त्यामुळे त्याची बेरीज माझ्यापेक्षा बरोबर असेल.